भाकिताला खात्रीची जोड : जैववैद्यकीय संशोधनातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संख्याशास्त्र

जैववैद्यकीय संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संख्याशास्त्र एकत्र कसे वापरावे, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे. त्यात आलेली चूक प्रामाणिक आणि कष्टाळू संशोधकांच्याही हातून घडते, आणि ती लक्षात येईपर्यंत कित्येकदा दोन-तीन वर्षांचे श्रम खर्ची पडलेले असतात, म्हणून ती सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटले.

प्रश्न : मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे ३० रुग्ण आणि ३० निरोगी व्यक्ती अशा ६० जणांच्या ऊतींचे नमुने असून प्रत्येक नमुन्यात सुमारे २०,००० जनुकांची अभिव्यक्ती (म्हणजे जनुक किती सक्रिय आहे) मोजलेली आहे. रुग्ण आणि निरोगी यांच्यात सर्वाधिक फरक दाखवणारी ५० जनुके आम्ही निवडली, त्यांवर न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे संगणकीय मॉडेल) शिकवले, आणि दहा भागांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये (नमुन्यांचे भाग पाडून दर वेळी एक भाग चाचणीसाठी राखण्याच्या पद्धतीत) ९७ टक्के अचूकता मिळाली. आमच्या विभागातील संख्याशास्त्रज्ञांच्या मते हा आकडा ग्राह्य धरता येणार नाही. यंत्राने न पाहिलेल्या नमुन्यांवरच चाचणी घेतली असताना हा आक्षेप का?

उत्तर : आक्षेप योग्य आहे, मात्र तो न्यूरल नेटवर्कवर नसून नेटवर्क शिकवण्याच्या आधी जे घडले त्यावर आहे. ५० जनुके निवडताना आपण सर्व ६० नमुन्यांचे निदान पाहिले होते. त्यानंतर नमुन्यांचे दहा भाग केले आणि दर वेळी एक भाग चाचणीसाठी बाजूला ठेवला, तरी त्या भागातील उत्तरांचा उपयोग जनुकांच्या निवडीत आधीच होऊन गेलेला होता. नेटवर्कने ते नमुने पाहिले नव्हते हे खरे, पण नेटवर्कला काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या पायरीने ते पाहिले होते.

याचा परिणाम किती मोठा असतो हे एका कल्पनेतून स्पष्ट होईल. समजा, त्या २०,००० जनुकांपैकी एकाचाही आजाराशी संबंध नाही. तरीही ०.०५ या सार्थकता पातळीवर, म्हणजे योगायोगाने फरक दिसण्याची ५ टक्के शक्यता मान्य करून, त्यांपैकी सुमारे १,००० जनुके निव्वळ योगायोगाने फरक दाखवतील, आणि त्यांतील सर्वांत ठळक ५० उचलली, तर ती याच ६० जणांना जवळजवळ अचूक वेगळे करतील, कारण ती याच ६० जणांमधून त्यासाठीच वेचलेली आहेत. नव्या रुग्णापुढे मात्र ती निरुपयोगी ठरतील. क्रिस्तोफ आंब्रुआझ आणि जेफ्री मॅक्लाक्लन यांनी २००२ साली नेमके हेच आतड्याच्या आणि रक्ताच्या कर्करोगाच्या प्रसिद्ध डेटासंचांवर दाखवून दिले होते : जनुकांची निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या बाहेर केली की चुकांचे प्रमाण शून्याच्या जवळ दिसते, आणि तीच निवड आत घेतली की ते वाढते. याउलट १९९९ साली टॉड गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाचे दोन प्रकार जनुकांवरून ओळखण्याचा जो प्रयोग केला, त्यात ३८ नमुन्यांवर जनुके निश्चित करून नंतर ३४ वेगळ्या नमुन्यांवर त्यांची परीक्षा घेतली होती. नमुने कमी असूनही तो निष्कर्ष टिकण्यामागे ही शिस्त होती.

आपल्याला करायचे आहे ते असे की दहा भागांपैकी एक भाग बाजूला ठेवल्यानंतरच, उरलेल्या नऊ भागांवर, जनुकांची निवड नव्याने करावी. आणि हे दहाही वेळा करावे. दर वेळी निवडलेली जनुके थोडी वेगळी येतील. ती फारच वेगळी आली, तर जनुकांची यादी शोधनिबंधात ‘जैवचिन्हक’ (आजाराची जैविक खूण) म्हणून मिरवण्याआधी थांबावे. आणखी एक तपासणी मी सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला करायला सांगतो : ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ ही लेबले चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया अदलाबदल करून संपूर्ण प्रक्रिया पहिल्या पायरीपासून पुन्हा चालवावी, आणि असे काही शे वेळा करावे. खोट्या लेबलांवरही सरासरी अचूकता ८०-९० टक्के येत असेल, तर प्रक्रियेत कुठेतरी उत्तर फुटते आहे.

दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. सर्व रुग्णांचे नमुने एका आठवड्यात आणि सर्व निरोगींचे दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत हाताळले गेले असतील, तर यंत्र आजार शिकले की आठवडा शिकले हे आता कोणतीही पद्धत सांगू शकणार नाही. ते काम नमुने हाताळण्यापूर्वी, त्यांची सरमिसळ करून, व्हायला हवे होते. दुसरे असे की ९७ टक्के हा आकडा अगदी निर्दोष पद्धतीने आला असता, तरी ६० पैकी ५८ बरोबर याचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरी अचूकता ज्या मर्यादांमध्ये असावी तो पट्टा) साधारण ८८ ते ९९ टक्के इतका रुंद आहे. शोधनिबंधात हा अंतराल आकड्याच्या शेजारीच छापला जावा.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर आहे. रुग्णाची प्रकृती बिघडण्याचा आगाऊ इशारा देणाऱ्या एका प्रणालीची संवेदनशीलता (खरोखर बिघडणाऱ्यांपैकी ओळखले जाणारे) ९० टक्के आणि विशिष्टता (न बिघडणाऱ्यांपैकी बरोबर वगळले जाणारे) ९० टक्के असल्याचे तिच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. प्रत्यक्षात दहा इशाऱ्यांपैकी आठ-नऊ खोटे निघतात. माहितीपत्रक खोटे आहे का?

उत्तर : तसे असेलच असे नाही. समजा, १०,००० निरीक्षणांपैकी केवळ १०० वेळा प्रकृती खरोखर बिघडणार आहे. प्रणाली त्यांपैकी ९० ओळखेल. उरलेल्या ९,९०० पैकी १० टक्के, म्हणजे ९९० वेळा, ती विनाकारण इशारा देईल. एकूण १,०८० इशाऱ्यांपैकी खरे ९०, म्हणजे सुमारे ८ टक्के. हीच प्रणाली जिथे २० टक्के रुग्णांची प्रकृती बिघडते अशा ठिकाणी वापरली, तर २,६०० इशाऱ्यांपैकी १,८०० खरे, म्हणजे जवळपास ६९ टक्के असतील. यंत्रात काहीही बदललेले नाही. बदलले आहे ते त्याच्यासमोरच्या रुग्णसमूहातील आजाराचे प्रमाण. संभाव्यताशास्त्रातील बेझच्या नियमाचा हा सरळ परिणाम आहे, आणि तो माहितीपत्रकात न छापणे ही माझ्या मते गंभीर उणीव आहे, कारण खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेली परिचारिका खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागते.

मात्र माहितीपत्रकातील आकडे आपल्या रुग्णालयात लागू पडतात हेही गृहीत धरू नये. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या, सेप्सिसचा (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेचा) आगाऊ अंदाज देणाऱ्या एका प्रणालीची स्वतंत्र तपासणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. आजारी आणि आजारी नसलेल्या व्यक्तींमध्ये भेद करण्याची क्षमता मोजणारा जो निर्देशांक नाणेफेकीला ०.५ आणि निर्दोष यंत्राला १ असतो, तो निर्मात्यांच्या सांगण्यानुसार ०.७६ ते ०.८३ होता, तपासणीत तो ०.६३ निघाला, आणि सेप्सिस झालेल्यांपैकी दोन तृतीयांश रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटले होते.

आपण आपल्या विभागात स्वतः तपासू शकाल अशी गोष्ट म्हणजे कॅलिब्रेशन. प्रणालीने ज्यांना ‘२० टक्के धोका’ असे सांगितले, अशा शंभर रुग्णांपैकी खरोखर वीस जणांची प्रकृती बिघडली का, हे नोंदींवरून मोजता येते. रुग्णांना धोक्याच्या उतरत्या क्रमाने अचूक लावणारे यंत्रही प्रत्येकाचा धोका दुपटीने फुगवून सांगत असू शकते, आणि उपचाराचा निर्णय क्रमावर नव्हे तर त्या धोक्याच्या आकड्यावर घेतला जातो.

प्रश्न : लॉजिस्टिक रिग्रेशन (एका सूत्राने घटनेची शक्यता काढण्याची पद्धत) हे संख्याशास्त्र आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारी पद्धत) ही कृत्रिम बुद्धिमत्ता, ही विभागणी कशावर आधारलेली आहे?

उत्तर : बऱ्याच अंशी सवयीवर. रँडम फॉरेस्टचे जनक लिओ ब्रायमन स्वतः संख्याशास्त्रज्ञ होते, आणि २००१ साली त्यांनीच आपल्या व्यवसायबंधूंवर टीका केली होती की डेटा कसा निर्माण झाला याचे सुटसुटीत सूत्र मांडण्याच्या आग्रहापायी ते भाकिताच्या अचूकतेकडे दुर्लक्ष करतात. ती टीका रास्त होती. पण त्यातून ‘नवे ते अधिक अचूक’ असा जो समज पसरला, त्याला वैद्यकातील अनुभव दुजोरा देत नाही. २०१९ साली ७१ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा काटेकोर तुलनांमध्ये मशीन लर्निंग लॉजिस्टिक रिग्रेशनपेक्षा सरस ठरल्याचे दिसले नाही. वय, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन असे वीस-पंचवीस रकाने आणि काहीशे रुग्ण असतील तर मी रिग्रेशनच निवडेन. क्ष-किरण चित्रे, पेशींच्या काचपट्ट्या, प्रथिनांचे क्रम किंवा डॉक्टरांची मजकुरातील टिपणे समोर असतील, तर तिथे खोल (अनेक थरांच्या) न्यूरल नेटवर्कला पर्याय नाही.

प्रश्न : एका रुग्णालयात उत्तम काम करणारे यंत्र दुसऱ्या रुग्णालयात का ढासळते? मानवी शरीर तर तेच असते.

उत्तर : शरीर तेच असते, पण यंत्राला शरीर दिसत नाही, त्याला दिसतो तो शरीराविषयी कोणीतरी, काही कारणाने, कोणत्या तरी उपकरणाने नोंदवलेला डेटा. छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या नेटवर्कचा २०१८ साली तीन संस्थांच्या चित्रांवर अभ्यास झाला. तेव्हा असे आढळले की चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे नेटवर्क जवळजवळ अचूक ओळखते. आणि एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त असल्याने रुग्णालय ओळखणे हीच निदानाची सोपी वाट ठरू शकते. त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीतही असेच घडल्याची नोंद आहे : ज्या डागाविषयी डॉक्टरांना शंका असते, त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले जाते, आणि यंत्र मोजपट्टी दिसली की कर्करोगाकडे झुकते.

संख्याशास्त्रात यासाठी जुनी आणि उपयुक्त भाषा आहे. नमुना कोणत्या समष्टीतून (म्हणजे कोणत्या संपूर्ण समूहातून) आला, तो कसा निवडला गेला, आणि निष्कर्ष कोणत्या समष्टीला लावायचा आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक सर्वेक्षणात विचारले जातात. यंत्र शिकवण्यापूर्वीही ते विचारले गेले, तर यातील बहुतेक अपयशे आधीच दिसतील. चौथा प्रश्न मी जोडेन, तो म्हणजे यंत्राला ‘उत्तर’ म्हणून नेमके काय दिले गेले. अमेरिकेत अधिक देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या एका प्रणालीला आजाराऐवजी वैद्यकीय खर्च हे उत्तर म्हणून शिकवले होते. तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत असल्याने प्रणाली त्यांना अधिक निरोगी समजत राहिली. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवले की ही तफावत दूर केली असती, तर अतिरिक्त मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. गणितात चूक नव्हती. खर्चाचे भाकीत बरोबरच होते. विचारलेला प्रश्न चुकीचा होता, आणि त्याची किंमत आजारी माणसांनी मोजली.

प्रश्न : आपल्या उत्तरांत संख्याशास्त्र सतत परीक्षकाच्या भूमिकेत दिसते. दोन्ही शास्त्रे खांद्याला खांदा लावून काम करतात, अशी काही उदाहरणे आहेत का?

उत्तर : आहेत, आणि या विषयातला मला सर्वाधिक आनंद देणारा भाग हाच आहे.

समजा, ५०,००० काचपट्ट्यांपैकी किती टक्के पट्ट्यांत एक विशिष्ट पेशीबदल आहे हे शोधायचे आहे. सर्व पट्ट्या विकृतिशास्त्रज्ञांकडून तपासून घेणे शक्य नाही. यदृच्छया निवडलेल्या ५०० तपासून घेता येतात. यंत्र मात्र सर्व ५०,००० वाचू शकते. यंत्राच्या मते प्रमाण १२ टक्के आहे. आता त्या ५०० पट्ट्यांकडे पाहू : यंत्र तिथे ११ टक्के म्हणते, तर तज्ज्ञ १४ टक्के. म्हणजे यंत्र सरासरीने ३ टक्के कमी सांगते आहे. म्हणून १२ मध्ये ३ मिळवून १५ टक्के हा सुधारित अंदाज, आणि त्यातील अनिश्चितता मुख्यतः यंत्र व तज्ज्ञ यांच्यातील फरक पट्टीगणिक किती बदलतो यावरून ठरते. यंत्र बहुतेक वेळा तज्ज्ञाशी सहमत असेल, तर केवळ ५०० पट्ट्यांवरून मिळाला असता त्यापेक्षा पुष्कळ अरुंद अंतराल हाती येतो. यंत्र वाईट असेल तर अंतराल रुंद होतो, पण निष्कर्ष फसवा होत नाही. या विचाराची व्यापक मांडणी अनास्तासिओस अँजेलोपूलोस, मायकेल जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या उदाहरणांत अल्फाफोल्ड या प्रथिनांची रचना सांगणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने भाकीत केलेल्या प्रथिनरचनांचाही समावेश होता. एकच अट कसोशीने पाळावी लागते : ते ५०० नमुने त्याच समष्टीतून यदृच्छया घेतलेले असावेत. सोयीचे किंवा सुबक दिसणारे निवडून चालत नाही.

अल्फाफोल्डचा उल्लेख आलाच आहे, तर त्यातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांच्यासह मिळाले. अल्फाफोल्ड प्रथिनाची रचना सांगून थांबत नाही. प्रथिनातील प्रत्येक अमिनो आम्लाच्या जागेविषयी त्याला किती खात्री आहे, याचा ० ते १०० असा गुणांकही देते. ९० च्या वरचा भाग भरवशाचा मानतात, ५० च्या खालचा भाग वापरू नये असे सांगितले जाते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना त्या साधनाविषयी विश्वास वाटू लागला, त्यात या गुणांकाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

औषधांच्या यादृच्छिक चाचण्यांमध्येही असाच मेळ घातला जातो. पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून शिकलेले यंत्र, चाचणीत सहभागी होणाऱ्या प्रत्येकाची प्रकृती नेहमीच्या उपचारावर कशी राहील, याचे भाकीत चाचणीच्या आरंभीच करते. विश्लेषणात ते भाकीत एक सहचल (तुलना करताना हिशेबात धरलेला आधीचा घटक) म्हणून घेतले जाते. भाकीत आणि प्रत्यक्ष निष्पत्ती यांतील सहसंबंध ०.५ असेल, तर अंदाजाचे प्रचरण (विखुरलेपणाचे माप) २५ टक्क्यांनी घटते, म्हणजेच तितकीच खात्री सुमारे एक चतुर्थांश कमी सहभागींमध्ये मिळते. भाकीत चुकले तरी तुलना पक्षपाती होत नाही, कारण कोणाला औषध मिळणार हे यंत्राने नव्हे तर यादृच्छिक वाटपाने ठरवलेले असते. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०२२ साली या प्रकारच्या एका पद्धतीला अनुकूल अभिप्राय दिला आहे. दुर्मीळ आजारांत, जिथे शंभर रुग्ण जमवायला अनेक वर्षे लागतात, तिथे या बचतीचे मोल फार मोठे आहे.

प्रश्न : लाखो रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी उपलब्ध असताना, कोणता उपचार चांगला हे कृत्रिम बुद्धिमत्तेलाच विचारता येणार नाही का? महागड्या चाचण्यांची गरज उरेल का?

उत्तर : गरज उरेल. काय घडेल याचे भाकीत करणे आणि आपण काही बदलले तर काय घडेल हे सांगणे, ही दोन वेगळी कामे आहेत. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर शिकलेल्या एका मॉडेलने दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी असतो असा निष्कर्ष काढला होता. रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याचे विवेचन केले. नोंदींपुरता तो निष्कर्ष खरा होता. दमा असलेल्यांना थेट अतिदक्षता विभागात नेले जात असे, आणि त्या काळजीमुळे ते वाचत. या निष्कर्षावर विसंबून त्यांना घरी पाठवले असते, तर काय झाले असते हे सांगायला नको.

नोंदींची संख्या वाढवून हा दोष जात नाही. संख्येने यादृच्छिक चूक घटते. पक्षपात जसाच्या तसा राहतो आणि चुकीच्या उत्तराभोवतीचा अंतराल मात्र अरुंद होत जातो. रजोनिवृत्तीनंतरची संप्रेरके हृदयाचे रक्षण करतात असे अनेक मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांतून वाटत होते. १६,६०८ स्त्रियांवरील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची यादृच्छिक चाचणी २००२ साली मुदतीआधी थांबवावी लागली, कारण फायद्यापेक्षा अपाय अधिक दिसू लागला होता. नोंदवलेल्या घटकांचा प्रभाव वजा करण्यासाठी मशीन लर्निंग आणि कार्यकारणाचे संख्याशास्त्र यांना जोडणाऱ्या उत्तम पद्धती आज आहेत. मार्क व्हॅन डर लान यांचे काम त्यांत अग्रणी आहे. पण जे घटक नोंदवलेच गेले नाहीत, त्यांच्यापुढे या पद्धतीही थांबतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हाच निकष लावावा, आणि तो लावला जाऊ लागला आहे. अशा चाचण्यांचे आराखडे आणि अहवाल कसे असावेत यासाठी स्पिरिट-एआय आणि कॉन्सॉर्ट-एआय ही मार्गदर्शक तत्त्वे २०२० साली आली. स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ८०,०३३ स्त्रियांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाच्या मॅमोग्रामचे वाचन यंत्राच्या साहाय्याने केले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सुरक्षिततेच्या विश्लेषणात दर हजारी ६.१ कर्करोग यंत्रसाहाय्यित गटात आणि ५.१ नेहमीच्या गटात सापडले, खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे १.५ टक्के राहिले, आणि तज्ज्ञांचे वाचनाचे काम ४४.३ टक्क्यांनी घटले. तरीही संशोधकांनी चाचणीचा मुख्य निकष म्हणून अधिक कर्करोग सापडणे हे न धरता, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षणांनिशी उघड होणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण हा निकष आधीपासून ठरवून ठेवला होता, कारण तपासणीत अधिक गाठी सापडल्या म्हणजे घातक गाठी वेळेत सापडल्या असे सिद्ध होत नाही.